भिंतीवरची भूमिका

बाबा, सोमवारपासून मीही भिंतीवर जाणार. तुम्हाला हसू येईल म्हणून आधीच सांगून टाकते. ज्या मालिकेत इतकी वर्षं मी नायिकेची सासू होते, तिथल्या लेखकांनी ठरवलंय की सासूने आता जावं. आजारबिजार काही नाही. देवळातून परत येताना गाडी उडवणार, आणि तेही पडद्याबाहेर, म्हणजे मला मरायचा सीनसुद्धा नाही. मागच्या आठवड्यात डबा भरत होते तेव्हा तिथल्या एका मुलीचा फोन आला. मॅम, तुमचा ट्रॅक संपतोय, फक्त एक फोटो हवाय, हार घालायला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि अर्धा भरलेला डबा तसाच समोर घेऊन ओट्याशी उभी राहिले. कामोठ्याच्या या घरात तुमचा फोटो फ्रीजवर असतो. भिंतीवर नाही आणि त्याला हारही नाही, कारण आई घालू देत नाही. त्यामागची सगळी कथा तुम्हाला पाठ आहे, पण आज मला ती पुन्हा पहिल्यापासून आठवायचीय.

तुम्ही गावच्या जत्रेतल्या नाटकात पहिल्यांदा तोंडाला रंग लावलात तेव्हा गावाजवळ आजचं जुईनगर नव्हतंच, मिठागरं होती. तिथून तुम्ही मुंबईच्या व्यावसायिक नाटकांत गेलात आणि मग आयुष्यभर दौऱ्यांच्या बसमध्ये बसलात. नायक कधी झाला नाहीत. नायकाचा थोरला भाऊ, वकील, इन्स्पेक्टर, दुसऱ्या अंकात येऊन भांडण मिटवणारा काका. पण तुमचं एक ठरलेलं होतं. विंगेतून कुणी येत नसतं, प्रत्येक जण कुठून तरी येत असतो, असं तुम्ही म्हणायचात. एका वाक्याचा पोस्टमन केलात तरी तो आधीच्या घरी पाणी प्यायला की नाही, हे ठरवल्याशिवाय पाऊल टाकत नव्हतात. मंडळी तुमची थट्टा करायची. माझ्या पहिल्या नाटकात मी चहाचा ट्रे घेऊन यायचे, एवढंच काम. प्रयोगाला तुम्ही वाशीच्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसला होतात. घरी आल्यावर जेवताना म्हणालात, "कप रिकामे होते, ते मला मागून दिसलं." मला इतका राग आला की मी ताटावरून उठले. दुसऱ्या प्रयोगाला मात्र मी तो ट्रे असा जपून आणला की समोरच्या नटाने कप तोंडाला लावण्याआधी खरंच फुंकर मारली.

मग तुमचे गुडघे गेले, दौरे बंद झाले आणि तुम्ही मालिकांकडे वळलात. तिथे तुमचा आवाज मोठा पडायचा. काका, थोडं हळू, माईक आहे, असं सारखं ऐकावं लागायचं. कामं कमी होत गेली. आणि एक दिवस जुन्या ओळखीतल्या एका दिग्दर्शकाने तुम्हाला ती भूमिका दिली, नायिकेच्या वारलेल्या वडिलांची. म्हणजे फोटो. मी कॉलेजात होते, तुमच्याबरोबर सेटवर आले होते. घरून दाढी करून, जुन्या नाटकातल्या वकिलाचा कोट घालून तुम्ही निघालात, जणू नव्या नाटकाचा शुभारंभ आहे. फोटोग्राफर म्हणाला, काका, जरा गंभीर. तुम्ही विचारलंत, हा फोटो काढला कधी? तो गोंधळला. आत्ताच काढतोय की. तेव्हा तुम्ही त्याला शांतपणे समजावलंत, "अहो, या माणसाला कुठे ठाऊक होतं, हा फोटो हार घालायला काढतायत म्हणून? तो त्या दिवशी जिवंत होता ना. मग तो दिवस कुठला, ते मला कळायला हवं." कुणालाच सांगता येईना. शेवटी तुमचं तुम्हीच ठरवलंत की मुलीच्या शाळेत गॅदरिंग आहे आणि ती स्टेजवर नाचताना सारखी तुमच्याकडेच बघतेय. आणि तसं बघितलंत. हार घालून फोटो लागल्यावर मेकअपवाल्या दादांनी तुम्हाला त्याच्याखाली उभं करून हसायला लावलं, मेलेल्याचं काम केलं की हसल्याशिवाय रंग पुसायचा नाही म्हणून. तुम्ही चहाचा कप हातात घेऊन स्वतःच्याच फोटोखाली हसलात.

आईला ते हसणं पुरलं नाही. मालिका सुरू झाली त्या रात्री टीव्हीवर तुम्हाला हारात बघून तिने मीठ-मिरच्या घेतल्या, तुमची दृष्ट काढली आणि जेवायला वाढताना एकच वाक्य बोलली, "जित्या मानसाच्या फोटूला हार कनाला?" तुम्ही आणखी एक भाकरी मागून घेतलीत. पण मालिका चालली. नायिका रोज तुमच्यापुढे येऊन रडायची, सासरची गाऱ्हाणी सांगायची. तुम्ही म्हणायचात, आयुष्यात एवढं लांबलचक काम मला कुणी दिलं नाही, आणि पाठांतर शून्य.

त्याच वर्षीची गोष्ट. जत्रेच्या जेवणासाठी गोणीभर कांदे आणायला आपण वाशीच्या एपीएमसी मार्केटात गेलो होतो. गाळ्यावरचा व्यापारी भाव सांगता सांगता थांबला. तुमच्याकडे बघत राहिला. मग जरा घाबरतच म्हणाला, "काका, तुम्ही तर वारलात ना? आमची मंडळी रोज रडते तुमच्यासाठी." तुम्ही अगदी सरळ चेहऱ्याने त्याला म्हणालात, "गेलो होतो हो. पण घरात कांदे नव्हते." गाळ्यावर असा हशा पिकला की पाठीवर गोण्या घेतलेले माथाडीही त्या टेकवून हसायला लागले. तुम्ही तेवढे हसला नाहीत. टेम्पोत बसल्यावर मात्र डोळ्यांतून पाणी येईतो हसलात, एक हात गोणीवर, एक माझ्या खांद्यावर.

तुम्ही खरोखर गेलात तेव्हा ती मालिका संपून गेली होती. भावकीतल्या कुणी तरी तोच फोटो मोठा करून आणला, दुसरा इतका चांगला नव्हताच. हार घालायला हात पुढे झाले तर आईने अडवले. "एकदा घातला, तेवडा बस झाला." तेव्हापासून तुम्ही असे फ्रीजवर, गॅदरिंग बघत.

परवाच्या त्या फोनने मला वाईट वाटलं बाबा. त्याहून जास्त भीती वाटली. आमच्या धंद्यात बाईची वाट ठरलेली असते. मैत्रीण, वहिनी, आई, सासू आणि मग फोटो. एकदा हार पडला की लोक घरबसल्या धरून चालतात की बाई गेली, आणि कामाचे फोनही थांबतात. अजून मला खूप काम करायचंय हो. तुमच्यासारखी फोटोत समाधान मानणारी मी नाही. नाही म्हणून सांगावं, असं आठवडाभर मनात होतं. पण मग त्यांनी एखाद्या जुन्या एपिसोडमधला फोटो लावला असता, मी सुनेवर डोळे वटारतानाचा. जन्मभर तशीच टांगलेली राहिले असते. काल सकाळी चपला घालत होते तरी ठरलं नव्हतं. आई खुर्चीत बसून सगळं बघत होती. मला वाटलं, आता मीठ-मिरच्या मागेल. तर म्हणाली, "जातंस त हसून ये. रडका फोटू भिंतीवर बरा नाय दिसत." आणि तिने फ्रीजकडे बघितलं.

सेटवर फोटोग्राफर म्हणाला, मॅम, जरा सात्त्विक. त्याला मी काही विचारलं नाही. आजकाल एवढा वेळ कुणाला असतो. खुर्चीत बसले, पदर सारखा केला आणि मनाशीच विचारलं, हा दिवस कुठला? मालिकेतल्या माझ्या त्या सासूचे पुष्कळ दिवस मला ठाऊक होते, तिचं लग्न, मुलाचा जन्म, सुनेचा गृहप्रवेश. त्यातला एकही पुढे आला नाही. आला तो एकच, आणि मी त्याला येऊ दिलं.

नव्या कामाचा फोन अजून आलेला नाही. येईल किंवा नाही येणार. हा कागद मी फ्रीजवर तुमच्या फोटोमागे सरकवून ठेवणार आहे, त्याला दुसरा पत्ता कुठला. एवढंच सांगायचं राहिलं. फोटो झाल्यावर दिग्दर्शक तो बघायला आला. म्हणाला, ताई, काय माया आलीय चेहऱ्यावर, नातवाचा विचार केलात ना? मी हो म्हटलं. कांद्यांचा केला, हे त्याला कुठे सांगत बसू?