पाणी उकळूनच प्या

नौपाडा, ठाणे
१६ एप्रिल १९८८

ति. चांगदेवदादास,
रंभाचा सविनय जयभीम. वि. वि.

जयंतीला घरी आले नाही म्हणून शेवंतीवहिनी रुसली असेल. डोंबिवलीतल्या काविळीच्या नव्या रुग्णांचे पत्ते आमच्या आरोग्य कचेरीतल्या संगणकावर पाइपलाइनवार लावत बसले होते. दादा, आजारी घरं जवळजवळ सगळी एकाच पाइपलाइनवर आहेत आणि आता आपली चाळही तिच्यावरच निघाली. ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर उठते. वहिनीला सातवा आहे. पत्र मिळताच तिला माझ्याकडे आणून सोड. पाणी दूषित असल्याचा माझा पहिला अहवाल होळीपासून साहेबांच्या टेबलावर पडलाय, तो बाहेर पडेपर्यंत कुणाला बोलू नकोस.

काळजीत असलेली तुझी,
रंभा

डोंबिवली
१९ एप्रिल

चि. रंभास अ. आ.

वहिनी हलायला तयार नाही. म्हणते, शेजारच्या धोंडीबाची सरस्वतीही पोटुशी आहे, तिला कुठली नणंद डॉक्टर? आम्ही पाणी उकळतो. चाळीत सांगायला गेलो तर लोक हसले. नळखात्याचा माणूस पाणी स्वच्छ आहे म्हणून सांगून गेलाय. एक जण म्हणाला, तुझी बहीण साधी सुई टोचत नाही, नुसती माणसं मोजते, तिचं काय ऐकायचं? भांडून आलो. तू सहीनिशी लिहून दे. आपलं एकट्याचं घर वाचवायचं असेल, तर मला पुन्हा पत्र घालू नकोस.

रागावलोय, तरी माया आहेच.
चांगदेव

ठाणे
२१ एप्रिल

ति. दादास सविनय जयभीम.

साहेबांना विचारलं. म्हणाले, लोकांत घबराट होईल; कागद बाहेर गेला तर नोकरी गेली समजा. तरी सही केली. पाणी उकळूनच प्या, गरोदर बाईला ताप-उलट्या झाल्या तर लगेच इस्पितळात न्या, एवढंच लिहिलंय. चाळीतला पंढरी इकडे आलाय, त्याच्या हाती पाठवतेय. विहारात लाव. माझं नाव झाकू नकोस.

तुझी,
रंभा

डोंबिवली
३ मे

चि. रंभास अ. आ.

तुझा कागद फाडायला नळखात्याचे दोघे आलेले. चाळीतली आवडाबाई बायका घेऊन विहाराच्या दारात ठाण मांडून बसली. शेवटी खात्यानेच नळ बंद केला, रस्ता खणला. नाल्याखाली पाइप फुटलेला निघाला. आता टँकर येतो. शेवंती बरी आहे.

सरस्वती गेली. कागद आला तेव्हाच तिचे डोळे पिवळे झालेले. बाळही राहिलं नाही. अहवाल होळीपासून पडून होता, हे मी धोंडीबाला सांगितलं. त्याने विचारलं, तेव्हाच कळलं असतं तर ती राहिली असती का? त्याने आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. रंभाला विचारतो, एवढंच म्हणालो गं.

तुझा,
दादा

ठाणे
६ मे

ति. दादास सविनय जयभीम.

काल निलंबनाचा आदेश हातात पडला. वहिनीला सांग, मी वेळेवर जेवतेय. रविवारी येते. धोंडीबांना तू काही सांगू नकोस. बहुतेक राहिली असती, हे मीच त्यांच्यासमोर बसून सांगणार. त्यानंतरही त्यांनी दारात उभं केलं, तर त्या पाइपवरच्या बाकी गरोदर बायकांची घरं दाखवायला त्यांना सोबत मागणार आहे. नळ बंद झाला असला, तरी आधी प्यायलेल्या पाण्याची कावीळ अजून महिनाभर निघत राहील.

तुम्हां दोघांच्या मायेवर उभी,
रंभा