थोरलीचा चष्मा आणि तुझं चेहरेवाचू यंत्र

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. देवाच्या कृपेने इकडे सगळ्यांचं बरं आहे, माझं डोकं सोडून. काय काय पोचलं ते आधी लिहिते: तू धाडलेला स्वेटर (बाह्या लांब आहेत, उसवून घेईन, उरल्या लोकरीचे मोजे होतील) आणि औषधांच्या दुकानातून तुझ्या थोरल्या भाचीला नोकरीचा नकार. स्वेटरचा खर्च तू सोसलास, नकाराचा आम्ही सोसतोय. पोर परवापासून आरशाकडे पाठ करून वेणी घालते.

कारण काय, तर तुझ्या कंपनीने त्या दुकानाला विकलेल्या यंत्राने तिचा फोटो पाहून सांगितलं की प्रामाणिकपणा कमी, वृत्ती लबाड. अरे, वाण्याने चुकून जास्त साखर बांधली तर भर उन्हात परत करायला जाणारी पोर ती. आणि लबाड कशावरून? डोळे बारीक केलेत म्हणून. फोटो चष्मा काढून द्यावा, हे अर्जात तुम्हीच लिहिलंत. चष्म्याशिवाय तिला समोरची भिंत दिसत नाही, ती डोळे बारीक नाही करणार तर काय टाळ्या वाजवणार? गेल्या खेपेस तू मोठ्या कौतुकाने माझ्या फोनमध्ये घालून दिलेल्या त्याच यंत्रात मी तिचा चष्म्यातला फोटो टाकला. लगेच प्रामाणिक आणि विश्वासू. म्हणजे माझ्या लेकीची नियत चष्मेवाल्याकडे घडवतात की काय?

फोनवर तू म्हणालास, "ताई, यंत्र कुणाची बाजू घेत नाही, ते हजारो चेहऱ्यांवरून शिकलंय." शिकवलं कोणी विचारलं, तर म्हणे माणसांनीच; फोटो बघून कोण कसा वाटतो ते लिहून दिलं. मग ते शिकलं काय? लोकांचा संशय. तेवढं शेजारीण फुकट सांगते, आणि खोटी पडली तर निदान चार दिवस तोंड लपवते. मी मॅट्रिकच झालेय, पण देव माणसाचा स्वभाव कपाळावर लिहून पाठवत नाही, एवढं मला कळतं. (पाठवत असता, तर तुझ्या मेहुण्यांचा फोटो बघूनच मी सावध झाले असते.)

तुझी, रागावलेली,
ताई

ता.क. : तुझाही फोटो टाकून पाहिला. अत्यंत प्रामाणिक निघालास. देवापुढची साखर फस्त करून मुंग्यांवर ढकलणारा तू. तुझ्या साहेबांना कळवू का?

आणखी एक : माझ्या फोटोला उत्तर आलं, शांत आणि सोशिक स्वभाव. ते खोटं ठरवायला मी त्या दुकानात जाण्याआधी तू जा. मालकिणीला सांग, पोरीला समोर बसवून बोला, चष्म्यासकट. कधी बोलावतात ते उलट टपाली कळव.