बटणला झोपवण्याचे पंधरा दिवस

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळी प्रार्थना आटोपली आणि चहा व्हायच्या आत घरात जाहीर करून टाकलं, की आजपासून बटण हॉलमध्ये, स्वतःच्या गादीवर, एकटा झोपेल. ऐकायला घरात ही आणि खुद्द बटण, एवढेच. बटणने जांभई दिली. ही म्हणाली, हे त्याला सांगताय की मला?

पार्श्वभूमी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. बटण पाच वर्षांचा. पिल्लू असताना आमच्या गादी कारखान्यात कापसाच्या ढिगात सापडला. नुसतं काळं नाक वर होतं, म्हणून लेकीने नाव ठेवलं बटण. तेव्हापासून तो तिच्याच खोलीत, तिच्या पलंगाशी झोपायचा. गेल्या महिन्यात लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. तिच्या हॉस्टेलात कुत्रा चालत नाही. तेव्हापासून बटण रात्री रडतो आणि आमच्या झोपेचं खोबरं होतं.

ही हॉस्पिटलात नर्स आहे. सकाळी सहाची ड्यूटी. परवा एका आजोबांचा ताप बघता बघता हिचाच डोळा लागला आणि आजोबांनी उठून हिच्या अंगावर शाल टाकली. घरी आल्यावर हिने मुदत दिली. पंधरा दिवस. अठरा तारखेच्या सकाळपर्यंत बटण रात्रभर शांत झोपायला शिकला तर राहील, नाहीतर हिचा भाऊ येऊन त्याला शेतावर घेऊन जाईल.

मला तसा काही फरक पडत नाही. कुत्रा म्हणजे कुत्रा. लेकीला काय सांगायचं, एवढाच प्रश्न. शिवाय तीस वर्षं मी लोकांना झोपवत आलो आहे. एका कुत्र्याला पंधरा दिवस म्हणजे चैनच आहे. पाचव्या दिवशी काम उरकेल.

४ नोव्हेंबर

बटणसाठी खास गादी केली. खाली काथ्या, मध्ये फोम, वर पिंजलेला कापूस. कोपरे स्वतः दाभणाने शिवले. गिऱ्हाइकाला अशी गादी आम्ही करत नाही.

बटणने वास घेतला. गादीवर चार गिरक्या मारल्या आणि खाली उतरून दारातल्या पायपुसण्यावर झोपला.

पायपुसणं बाजारातलं आहे.

५ नोव्हेंबर

नियमच नव्हता, तर झोप कुठून लागणार? टाइमटेबल केलं. साडेआठला फेरी. नऊला पाणी. सव्वानऊला दिवे मंद. ठीक दहाला झोप.

अडचण अशी, की नऊ वाजून पाच मिनिटांनी बटण सोफ्याखाली गाढ झोपला. टाइमटेबल मोडून चालणार नाही म्हणून त्याला उठवलं. दहापर्यंत जागं ठेवण्यासाठी चेंडू टाकला. दहा वाजता गादीवर नेलं, तर त्याला खेळायचं होतं. साडेबारापर्यंत खेळायचं होतं.

ही उशीत तोंड खुपसून म्हणाली, अहो, झोपला होता ना तो? मी म्हणालो, तो डुलकी घेत होता. झोप आणि डुलकी यांत फरक असतो. या धंद्यातल्या माणसाला तो कळतो.

७ नोव्हेंबर

गिरक्यांवर विचार केला. बटण झोपण्याआधी गोल फिरतो. काल सात गिरक्या. याचा अर्थ गादीला कुठेतरी गाठ आहे. पहाटे उठून गादी उसवली. सगळा कापूस बोटांनी चाचपला. गाठ नाही. पुन्हा शिवली.

कारखान्यात शिलाईवाल्या मावशींना सांगितलं. बावीस वर्षं आमच्याकडे खोळी शिवतात, त्यामुळे जीभ सैल. म्हणाल्या, मालक, माझा नवरासुद्धा झोपायच्या आधी घरभर तीन चकरा मारतो, म्हणून काय त्याला उसवू?

बाकीच्या बायका उगाचच हसल्या.

८ नोव्हेंबर, सकाळी

पहाटे ३.२० ला बटणला भयंकर स्वप्न पडलं. चारही पाय पळत होते, ओठ थरथरत होते, घशातून बारीक आवाज. हाका मारून, हलवून उठवलं. घाबरून माझ्याकडे बघत राहिला. धीर दिला. पाठीवर हात ठेवून हळू आवाजात नामस्मरण केलं. शांत झाला. मी उठलो तसा रडू लागला. पुन्हा बसलो. असं पाच वाजेपर्यंत. पाचला ही ड्यूटीसाठी उठली, माझ्याकडे आणि बटणकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता दात घासायला गेली.

बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी

जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, कुत्र्यांना स्वप्नं पडतात, पाय हलतात, काही काळजी नाही, फक्त झोपेतून उठवू नका. मी विचारलं, मग मी नेमकं काय करू? ते म्हणाले, काहीच नाही.

डॉक्टर वयाने लहान आहेत. अनुभव यायचा आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

आज लहानपणची आठवण झाली. गावच्या शाळेत बालवर्गाला दुपारी डोकं खाली घालून झोपायला लावायचे. गुरुजी दर दहा मिनिटांनी दारातून विचारायचे, झोपलात का रे सगळे? आम्ही चाळीस पोरं एका सुरात ओरडायचो, हो गुरुजी!

अशी शिस्त आता राहिली नाही. आजपासून मीही रात्री चेकिंग करणार. अकरा, साडेबारा, दोन, साडेतीन. टॉर्चवर पातळ फडकं बांधलं आहे, म्हणजे उजेड डोळ्यांवर येणार नाही. एवढा बारकाईने विचार कोण करतं?

१० नोव्हेंबर

लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, माझा जुना निळा स्वेटर कपाटात आहे, तो द्या त्याला. माझा वास येईल. मी म्हणालो, बघतो. अशा घरगुती उपायांवर माझा विश्वास नाही.

स्वेटर गादीवर ठेवला. बटणने त्यात नाक खुपसलं, एक लांब श्वास सोडला आणि झोपला. एकही गिरकी नाही.

माझं टाइमटेबल लागू पडू लागलं आहे, हे स्पष्ट दिसतं.

११ नोव्हेंबर

कालचा तपशील. अकराला चेकिंग केलं: झोपलेला होता, मी येताच उठला, शेपटी हलवली. मी जाताच रडला. साडेबारा: तेच. दोन: तेच. साडेतीन: तेच, शिवाय ही आतून ओरडली, आता मी रडू का?

निष्कर्ष: स्वेटरचा परिणाम अकरापर्यंतच टिकतो.

१२ नोव्हेंबर

मेव्हण्याचा फोन. म्हणाला, दाजी, अठराला पहाटेच टेम्पो घेऊन येतो, माल तयार ठेवा. वर म्हणतो, आमच्याकडे कुत्र्यांना झोपवत नाही आम्ही, त्यांचं ते बघून घेतात. हसला. त्याच्याकडे चार कुत्री आहेत. त्यांना गोठ्याच्या बाहेर पोत्यावर टाकतो. हिवाळ्यात उबेला एकमेकांवर पडतात म्हणे.

बटणला दुसऱ्या कुत्र्यांची सवय नाही. फाटकातून भुंकणारं कुत्रं दिसलं तरी माझ्या मागे लपतो.

मला काय त्याचं. सहज लिहून ठेवलं.

१३ नोव्हेंबर

बटणचं सामान काढून ठेवलं. वाडगा, पट्टा, चेंडू, स्वेटर. आधीपासून तयारी असलेली बरी. मग वाटलं, आज वाडगा लागेल, म्हणून परत ठेवला. पट्टाही. चेंडू सोफ्याखाली गेला होता, तो काढता काढता बटणही आत शिरला आणि आम्ही दोघंही तिथेच थोडा वेळ.

ही दारात उभी होती. म्हणाली, कुणाचं जाणं आहे नक्की?

प्रार्थनेत आज मन लागलं नाही. देवाकडे काही मागायचं नाही, हा माझा जुना नियम. आज मागितलं. कुत्र्यासाठी मागणं बरोबर की चूक, माहीत नाही.

१४ नोव्हेंबर, परगावी

मोठी ऑर्डर. एका वसतिगृहाला चाळीस गाद्या पोचवायच्या होत्या. परतताना ट्रकचा पट्टा तुटला. मेकॅनिक म्हणाला, उद्या सकाळी. म्हणजे रात्र इथेच. नेमकी आजची! चार रात्री उरल्या असताना मी मैदान सोडून बसलो.

रात्री नऊला हिला फोन करून सगळं समजावलं. टाइमटेबल, टॉर्च, नामस्मरणाचा आवाज किती ठेवायचा. ही म्हणाली, हो. मग साडेदहाला फोन केला. अकराला केला. मग फोन बंद लागला.

लॉजची गादी हलक्या दर्जाची. टाके उसवलेले. रात्रभर कूस बदलत राहिलो. अकरा, साडेबारा, दोन, साडेतीन, बरोबर जाग येत होती.

१५ नोव्हेंबर

घरी आलो. ही दुपारी ड्यूटीवरून आली ती गाणं गुणगुणत. चेहरा टवटवीत. मी घाबरत विचारलं, बटण किती वेळा रडला? म्हणाली, एकदाही नाही. साडेनऊला झोपला, पाचला मी उठले तेव्हा उठला.

मी विचारलं, चेकिंग कुणी केलं? म्हणाली, कुणीच नाही.

मग झोपला होता हे कशावरून? ही पुन्हा गुणगुणत आत गेली.

एका रात्रीवरून अनुमान काढू नये. थकला असेल. किंवा माझी वाट बघून बघून डोळा लागला असेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री तीनदा चेकिंग. तीनदा उठला, तीनदा रडला. म्हणजे परवाची झोप अपघाताने लागली होती, हे सिद्ध झालं.

हे मी सकाळी चहाला हिला सांगितलं. हिने कप खाली ठेवला. रागावली नाही, हेच जास्त लागलं. म्हणाली, अहो, तुम्ही त्याच्याजवळ जाता म्हणून तो उठतो. तुम्ही परत निघता म्हणून तो रडतो. माझ्या वॉर्डात रात्री नातेवाईक असेच करतात. झोप लागली का, झोप लागली का, असं विचारून विचारून पेशंटला जागं करतात. माया असते, पण पेशंटला झोप लागत नाही. माझा भाऊ परवा येतोय. कुणाला न्यायला सांगू, त्याला की तुम्हाला?

मी म्हणालो, आणि मी गेलो नाही आणि त्याला काही झालं तर? एकटाच अंधारात. ती पण गेली त्याला सोडून.

हे शेवटचं कसं बोललो, कळलं नाही. लेकीबद्दल माझी काही तक्रार नाही. पोरीने जायलाच हवं.

हिने माझ्या कपात आणखी चहा ओतला. मग हळूच म्हणाली, रोज पहाटे उठून ज्याच्यापुढे डोळे मिटून बसता, त्याच्यावर एवढा भरवसा आहे ना? मग एक रात्र कुत्रा त्याच्यावर सोपवा. तो काही टॉर्च घेऊन दर दीड तासाला तुमच्याकडे येत नाही. तरी तुम्ही झोपताच ना?

दिवसभर तेच डोक्यात. गिऱ्हाइकाला सहा फुटी गादीचं माप पाच फुटी लिहून दिलं.

रात्री निर्णय घेतला, की आजपासून उठायचं नाही. मग अकराला उठलो. निर्णय उद्यापासून.

१७ नोव्हेंबर, रात्री

उद्या पहाटे टेम्पो. आज शेवटची संधी. वही उशाशी घेतली आहे.

१०.५० उठलो नाही.

११.१५ उठलो नाही. पाय खाली टाकले होते, पण ते उठण्यात धरायचं नाही.

११.४० हॉलमधून आवाज. नखांचा. गिरक्या मारतोय. एक, दोन, तीन… सहा. मग धप्प. मग काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ फार मोठं असतं. आधी कधी ऐकलं नव्हतं.

१२.३५ हिने झोपेतच माझा हात धरला आहे. सोडवून घेता येईल. घेत नाही.

हे परमेश्वरा, तू आहेस ना तिकडे हॉलमध्ये.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सात वाजून दहा मिनिटांनी जाग आली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा प्रार्थना चुकली. घरात कुणी नाही. ही कधीच ड्यूटीवर गेली होती. बटण गादीवर. माझ्या गादीवर, म्हणजे मी केलेल्या. पाय वर करून, उताणा, तोंड उघडं.

फ्रिजवर हिची चिठ्ठी होती. भाऊ पावणेपाचला आला. चहा घेतला. बटणच्या शेजारी पाच मिनिटं उभा राहिला, तरी बटणने डोळा उघडला नाही. टेम्पो रिकामा न्यायला नको म्हणून कारखान्यातून दोन गाद्या घेऊन जातोय. तुमच्याही शेजारी उभा राहिला होता. तुम्हीही डोळा उघडला नाही.

लेकीला फोन केला. सांगितलं, बटण इथेच राहणार, शिकला एकदाचा झोपायला. ती म्हणाली, बाबा, कसं काय जमवलंत? मी म्हणालो, पद्धत आहे. ती म्हणाली, बाबा, मलाही इकडे आता झोप लागते. मी विचारलं नव्हतं. महिनाभर मनात होतं, पण विचारलं नव्हतं.

कारखान्यात मावशींना सांगितलं. म्हणाल्या, म्हणजे चौदा दिवस तुम्ही त्याला जागवत होता आणि पंधराव्या दिवशी दमलात. मी म्हणालो, मावशी, खोळ शिवा.

रात्री ९.४०

बटणला झोपवण्याचं काम आजपासून सोडलं. पूर्ण विचारांती. टॉर्चचं फडकं सोडून भांडी पुसायला दिलं. इतके दिवस चाललेलं काम असं अचानक सोडताना समोरच्याला एका शब्दाने कळवावं, ही रीत आहे, म्हणून हॉलमध्ये गेलो.

झोपला होता.

उठवलं नाही.