आमच्या बॉयलरचा धूर

बुधवार, संध्याकाळ

आमचे टॉवेल घेणाऱ्या परदेशातल्या गिऱ्हाइकानं आज फोनवर विचारलं, कारखान्याच्या बॉयलरमधला कोळसा कधी बंद करणार? मी सुनावलं, "आधी तुमच्या देशानं कमी करावा. इतकी वर्षं धूर तुम्हीच सोडलाय." त्यानं विषय बदलला. बरोबरच बोललो की मी. मग चैन का पडत नाही?

बायको ऐकत होती. म्हणाली, "देशाचं झालं. शेजारच्या पद्माक्कांना काय सांगू? त्यांच्या कपड्यांवर आपली काजळी बसतीय."

गच्चीवर गेलो. पलीकडं अक्का वाळलेली चादर पुन्हा धुवायला काढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "राहू द्या हो, सवय झालीय."

गिऱ्हाइकाला दिलेलं उत्तर त्यांना देता येईना. खाली येऊन बॉयलर बदलून देणाऱ्याला फोन लावला. त्यानं उचलला नाही. आणि मला, खरं सांगायचं तर, जरा हायसंच वाटलं.