गिअरबॉक्स, घाट आणि आम्ही दोघी

३ मार्च
गिअरबॉक्स जळाला! जवळजवळ सगळा घाट चढून झाला आणि गाडीनं अंग टाकलं. इंजिन गुरगुरतंय, मी जीव खाऊन पाय दाबतेय, गाडी ढिम्म. मागे एक्स-रेचा ट्रेलर, बाजूला डॉक्टरीणबाई, डोळे घड्याळाला चिकटलेले. वरच्या वस्तीत अडतीस माणसं छाती तपासायला ताटकळलेली.
"ऑटोमॅटिक आहे ना? मग आपोआप चालायला हवी."
बाई, आपोआप फक्त जळते!
क्रेनवाल्यानं खाली आणलं. दोघी एका सीटवर कोंबलेल्या, तोंडं दोन दिशांना.

४ मार्च
गॅरेजवाल्याला सगळे वैद्यबुवा म्हणतात. आधी हुंगतो, मग बोलतो. गिअरबॉक्सचं तेल लालचुटुक असायला हवं. आमचं डांबर!
"कधी बदललं होतं?"
मी छताकडे बघितलं.
"चढावर गिअर कोणता ठेवता?"
म्हटलं, गाडीच ठरवते.
"गाडीला एवढी अक्कल असती तर तिनं तुम्हाला चालवलं असतं."
मग शिकवणी. चढावर गाडी तिसऱ्या-चौथ्यात सारखी उड्या मारते, आणि तेल तापतं. म्हणून तिसऱ्यातच अडकवून ठेवायची. तेलासाठी वेगळा कूलर बसवणार, समोर तापमानाचा काटाही. एकशेवीसकडे सरकला की थांबायचं. मुकाट्यानं.
एवढं ऐकून घेतलं मी. दहावीत घेतलं असतं तर कुठच्या कुठे असते.

९ मार्च
नवरा म्हणाला, "माझ्या पित्ताची कधी इतकी काळजी घेतलीस?"
तुलाही काटा बसवून घे, मग बघू!

११ मार्च
ट्रेलरचं वजन केलं. पाचशे किलो जास्त! पाण्याची टाकी काठोकाठ, म्हणजे तीनशे किलो तिथेच. वस्तीच्या दारात झरा वाहतोय आणि आम्ही शहाण्या खालून पाणी वाहतोय. बाकीचं बाईंचं: लोखंडी कपाट, आत वीस वर्षांच्या फायली.
"कपाट उतरणार नाही."
"मग चढावर तुम्ही मागून ढकला."
कपाट उतरलं. बाई दिवसभर फुरंगटून.

१७ मार्च
निघालो. तिसरा गिअर, गोगलगायीची चाल. मागून ट्रकवाल्यांचे हॉर्न आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. काटा नव्वद, शंभर, एकशेदहा. शेवटच्या दोन वळणांआधी एकशेअठरा!
बाजूला घेतली.
"आता काय?" बाई तडकल्या. "दोनच वळणं राहिलीत!"
"गेल्या वेळी पाचच राहिली होती."
इंजिन बंद केलं नाही. गिअर पार्कमध्ये टाकून जरा जोरात चालू ठेवलं, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहतं. बाई पाय आपटत खाली उतरल्या, दगडावर बसल्या. दहा मिनिटं. वीस. मी काट्याकडे बघतेय, काटा माझ्याकडे. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. पुन्हा जळाला असता तर कोणत्या तोंडानं वर गेले असते?
पंच्याण्णव! चला!
दीड तास उशीर, पण पोचलो. लोक अजून रांगेत होते. एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "आलीस गं बाई." मी लगेच ट्रेलरच्या चाकांमागे दगड लावायला वळले. डोळ्यांत धूळ गेली होती. म्हणजे, तेच लिहायचं ठरलंय.
संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस छात्या. फोटो बघता बघता बाई घड्याळ बघायला विसरल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा.

१८ मार्च
सात जणांच्या फुप्फुसात क्षयाचे डाग. शेवटचा, चार वर्षांच्या पोरीचा. सहा महिने रोज समोर बसवून गोळ्या गिळायला लावायच्या, आणि वर ते करणारं कुणी नाही. सकाळी बाईंनी ट्रेलरमधून आपली बॅग उतरवली. म्हणाल्या, "मी राहतेय." मी एकटी खाली आले. निघताना मी त्यांना मिठी मारली की त्यांनी मला, आठवत नाही.