पोळ्याला कापलेला दोर

ता. रिसोड, जि. वाशीम
२६ ऑगस्ट २०२५

प्रिय उज्ज्वला,

सप्रेम नमस्कार. गोमतीकाकूंना आणि तांड्यातल्या सगळ्यांना जय सेवालाल. इकडे आम्ही ठणठणीत आहोत. सोयाबीन शेंगांनी लगडलंय, पण पाऊस उसंत देत नाही. त्यामुळे बाबांचा अर्धा दिवस आभाळाकडे बघण्यात जातो आणि उरलेला अर्धा आमच्यावर ओरडण्यात.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर मी आपल्या चढायच्या दोराचं नाव काढलं की नेमकी तेव्हाच तुझी भाकर करपते. तुमच्या मानोऱ्याकडे भाकरी इतक्या करपतात हे मला ठाऊक नव्हतं. पत्र मधेच ठेवून देता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

परवा तुझा भाऊ विनोद रिसोडच्या बाजारात भेटला. तुझा पाय आता बरा आहे म्हणाला, काठी सुटली, टेकडीवरच्या देवीला जाऊन येतेस. ऐकून बरं वाटलं. मग म्हणाला, ताई वाटेवरच्या दगडाले हातच लावत नाही. ते डोक्यात घेऊन निघाले आणि बाजाराची पिशवी एका दुकानाच्या पायरीवर विसरून आले.

असो. पोळ्याचं सांगते.

आमच्याकडे पोळा म्हणजे बाबांची दिवाळी. आदल्या दिवशी खांदशेकणी झाली. बाबांनी लखन आणि पवळ्या या दोघांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि दरवर्षीसारखं त्यांच्या कानाशी लागून म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” वर्षभर ज्यांच्या खांद्यावर जू ठेवायचं त्यांना जेवायला सुद्धा रीतसर बोलवायचं, हे मला लहानपणापासून फार आवडतं. दुसऱ्या दिवशी मी आणि आई पुरणात अडकलो होतो. बाबा बैल धुऊन, रंगवून, सजवून केव्हा मिरवणुकीत गेले ते कळलंही नाही.

मी तोरणाखाली पोचले तर लोक आमचीच जोडी बघत होते. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि वेसणीला नवेकोरे कासरे. केशरी रंगाचे, मधून हिरवी नक्षी.

उज्ज्वला, तो आपला दोर होता.

तू मला ठेवायला दिलेला. मी तो कोठीच्या खोलीत खुंटीला टांगला होता. पोळ्याच्या बाजारात असलेच रंगीत नायलॉनचे दोर ढिगाने विकायला असतात. बाबांना वाटलं, लेकीने बैलांसाठी आणून ठेवला, मुद्दाम बोलली नाही. त्यांनी कोयता घेतला आणि मापाने तुकडे केले. मिरवणुकीत ज्याला त्याला सांगत होते, माह्या निकितानं आनला. मी तिथं काय बोलणार? त्यातून फटाके वाजले, लखन बुजला, त्याने हिसका दिला आणि दोर ताणला गेला. आपला दोर पडणाऱ्याला झेलायला बनवलेला, तो ताणणारच. बाबा त्याच्यामागे अर्धा पोळा फिरून आले. सगळं गाव हसलं, बाबाही हसले. मी घरी येऊन कोठीच्या खोलीत बसून रडले.

आणि आता ते, जे मी फोनवरही तुला सांगितलं नसतं. मी आणि आपला धम्मपाल डिसेंबरात पुन्हा, तू पडलीस त्याच सुळक्यावर चढायला जाणार होतो. त्याच दोरावर. तुला न सांगता ठरवलं होतं, कारण तू नाही म्हणशील आणि मग आमचा पाय निघणार नाही. म्हणून मी रडत होते. दोरासाठी नाही, जाणं बुडालं म्हणून. माझ्या मैत्रीची ही तऱ्हा.

तेवढ्यात खुंटीखाली एक उरलेला तुकडा दिसला. कासऱ्याला आखूड पडला म्हणून बाबांनी बाजूला टाकलेला. त्यावर तुझ्या ओढणीचा लाल धागा बांधलेला होता.

तो दिवस आठवतो? तुझ्या हातातला दगड निखळला, तू खाली आलीस, कड्याच्या धारेवर दोर आवळला आणि धम्मपालने तुला धरून ठेवलं. पाय सुजून भोपळा झाला होता, तरी खाली आल्यावर तू दोर हातातून फिरवत बसली होतीस. एका जागी थांबून म्हणालीस, “इथं आतून पोचट लागते.” धम्मपालने चाचपलं, मी चाचपलं, सोबतच्या पुण्याच्या पोरांनी चाचपलं. वरचं वेष्टन शाबूत होतं. कुणालाच काही लागलं नाही. पडल्यावर सगळ्यांनाच असं वाटतं, असं ते म्हणाले, आणि आपण ऐकलं. तू तरी तिथं धागा बांधलास. प्लास्टर निघालं तेव्हा तू दोर माझ्याकडे देऊन म्हणाली होतीस, “ज्या हाताले खरं-खोटं कळत नाही, त्या हातानं चढाचं नाही.” तेव्हापासून बंद.

मी तो तुकडा घेतला आणि आईच्या विळीवर धाग्यापाशीच उभा चिरला.

आतले पांढरे पदर अर्ध्याहून जास्त तुटलेले होते, उज्ज्वला. तुटलेली टोकं कापसासारखी पिंजून बसली होती. उरलेल्या पदरांवर तू त्या दिवशी लटकत होतीस.

सकाळी पहिल्या एसटीने रिसोड गाठलं आणि धम्मपालच्या मोबाइलच्या दुकानात तो तुकडा काउंटरवर ठेवला. गिऱ्हाईक समोर होतं, त्याने त्याला नंतर यायला सांगितलं. बराच वेळ तुकडा उलटसुलट करत राहिला. मग एवढंच म्हणाला, “दोर माह्या हातात होता निकिता. मले नाही कळलं. तिले कळलं.”

तुकडा धाग्यासकट या पाकिटात घातला आहे. बघून भिशील, असं एकदा मनात आलं होतं. पण भ्यायचं ते आम्ही दोघं भ्यायलो, पोटभर. तू भ्यालीच नव्हतीस. तुला कळलं होतं. तुझ्या हाताने खरं सांगितलं आणि आपण सगळ्यांनी मिळून त्याला गप्प केलं. तेवढं एक मनावर घे, बाकी पत्र विसरलीस तरी चालेल.

नवा दोर आला आहे. निळा आहे. (बाबांना दाखवून, बजावून सांगितलंय की हा बैलांचा नाही.) धम्मपाल त्याची गुंडाळी सोडू देत नाही. उज्ज्वलाच्या हातातून इंच न इंच गेल्याशिवाय कंबरेला बांधायचा नाही, म्हणतो. डिसेंबरचं जाणं त्यावरच अडलंय. सुळक्याचं आताच काही म्हणत नाही मी. आधी आपली सरावाची जुनी दगडांची खदान. पाणी ओसरलं की दसऱ्यानंतरच्या रविवारी तिथं भेटू. चढली नाहीस तरी चालेल. दगडाला नुसता हात लाव.

बाबांना सगळं सांगितलं. ऐकून ते गोठ्यात जाऊन आले. कासरे सोडून आणतील असं मला वाटलं होतं, तसं काही नाही, बैल अजून त्याच थाटात फिरतात. पण मी पत्र लिहायला बसले तेव्हा बाजूला येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “तिले लिही, दोर म्या कापला. आता मीच बोलावून राह्यलो. आज आवतन घे, उद्या जेवाले ये.”

हे ते माणसांना म्हणत नाहीत, तुला माहीत आहे. ज्यांच्या खांद्याचा त्यांना भरवसा आहे, त्यांनाच म्हणतात.

आवतण पोचलं असं समजते.

तुझ्या हाताने तपासलेल्या दोरावरच यापुढे चढणारी,
निकिता