साठ दारांना कुलूप

३ मार्च

मंत्र्याचं नाक आज चार फूट छापलं. फ्लेक्सच्या दुकानात नोकरी म्हणजे ज्याचा संताप येतो, त्याच्याच गालावरच्या सुरकुत्या पुसत बसायच्या! मालक म्हणाले, "अजून थोडा उजळ कर." वर ओळ – 'प्रत्येकाला हक्काचं घर.' हात नुसते शिवशिवत होते.

खाली नव्या वस्तीचा नकाशा. आमची गल्ली शोधली. सापडली – हिरवा ठिपका. बाग! आमची साठ घरं, टेलरकाकांचं मशीन, आईच्या कुंड्या, सगळ्याचं गवत. त्या बागेत फिरायला कोण येणार? आम्ही नाही, एवढं नक्की.

४ मार्च

मागच्या गल्लीला काय सांगितलं होतं या मंत्र्यानेच? "दोन वर्षांत परत आणतो." पत्र्याच्या खोल्यांत नेऊन टाकलं. नऊ वर्षं झाली! तिथे जन्मलेली पोरं चौथीत गेली. त्यांच्या जागेवर बावीस मजले उभे, आणि संध्याकाळी दिवे लागतात सात खिडक्यांत. बाकी घरं विकत घेऊन नुसती ठेवलेली. हा माणूस घरं बांधत नाही, माणसं हलवतो. वर टाळ्या घेतो.

हेच आईला तावातावाने ऐकवत होतो, तर समोरच्या दारातून ती म्हणाली (टेलरकाकांची मुलगी – दुसरी कोण!), "कॉलेज अर्धवट सोडलंस, निदान भाषण तरी पूर्ण कर."

दिवसभर डोक्यात तेच. चिडवलं, की ऐकत होती?

६ मार्च

नोटीस आली. रविवारी घरमोजणी.

टेलरकाकांच्या ओट्यावर सगळी गल्ली जमली. मी म्हणालो, मोजूच द्यायचं नाही! साठही दारांना कुलपं, आणि आपण सगळे मैदानात. काका म्हणाले, "अरे, पण आपण नसताना त्यांनी भलतंच काही लिहिलं तर?" मी म्हणालो, "काका, गिऱ्हाईक उभंच राहिलं नाही तर टेप कुणाला लावणार?" हशा! काकाही हसले. ती दाराला टेकून बघत होती. माझ्याकडेच.

नोटिशीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात बरंच काही होतं. कोण वाचतो!

९ मार्च

साठच्या साठ कुलपं! मी स्वतः फिरून बघितली. आई म्हणाली, गर्दीत जीव घाबरतो, मावशीकडे जाते. जा म्हटलं. मैदानात घोषणा देऊन घसा बसला. तिने स्वतःची बाटली पुढे केली – "पी. उद्या परत ओरडायचंय ना?"

तिची बाटली!!

१२ मार्च

'मोजणीच्या दिवशी कुलूपबंद आढळलेल्या घरांत कोणी राहत नाही, असे धरले जाईल.' नोटिशीच्या मागेच छापलंय. बारीक अक्षरात. माझ्यासारख्या गाढवांसाठीच.

ऑफिसात धावत गेलो. कारकून मान वर न करता म्हणाला, "मंत्रीसाहेबांचं धोरण आहे. रिकामी घरं शोधून काढायची." रिकामी! बावीस मजले ओसाड पडलेत, तो विकास. आम्ही अर्धा दिवस बाहेर बसलो, तर घर रिकामं! "मग आम्ही कोण, भुतं?" असं ओरडलो. शिपायाने दंडाला धरून बाहेर काढलं.

टेलरकाकांना जाऊन सांगितलं. सुईत दोरा ओवत होते. जाईना. तीस वर्षं आहेत इथे.

तिला म्हणालो, चूक माझी. ती म्हणाली, "सगळ्यांनी मिळून केलंय. आता भांडायचंही मिळूनच." आणि माझा हात घट्ट दाबला. नवं घर कुणाला मिळणार, त्याची परवा यादी लागणार. लागू दे! कोर्टात जाऊ, मंत्र्याच्या दारात बसू. पण त्याआधी तिला सांगणार आहे. सगळं.

१४ मार्च

यादी लागली. साठांत एक घर पात्र. आमचं.

आई म्हणाली, "तुम्ही गेल्यावर मी परत आले. कुलूप काढून आत बसले. त्यांनी विचारलं, मी नाव सांगितलं. काय करू रे, घर गेलं असतं."

ती यादीसमोरच उभी होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "अभिनंदन."